पाटाखालचं वेटोळं

शिरोळच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर प्रकाशनाथ महाराज बसले होते. "वायर न्हाय, बॅटरी न्हाय. व्होल्टेज सगळं भक्तीचं," म्हणत त्यांनी काचेचा दिवा सगळ्यांना दाखवला आणि समोरच्या पाटावर ठेवला. "जिचं माणूस गेलंय, तिनं हाक मारावी."

चिमणाबाईंनी हाक मारली, "तेजू."

दिवा लागला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

चिमणाबाईंचे नवरे आकाराम मागं उभे होते. त्यांची एकोणीस वर्षांची लेक तेजस्वी डेंग्यूनं जाऊन वर्ष झालं होतं. दर गुरुवारी ती दिव्यात येते, एवढ्यावर चिमणाबाई जगत होत्या. "औषधानं आत्मा दुरावतो," असं महाराज म्हणाले म्हणून त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं. पायाची जखम चिघळत चालली होती.

त्यांना उठवायला आकाराम पुढं गेले. पाटावर हात टेकला आणि तळहाताला बारीक गुणगुण लागली. तीस वर्षं कबनूरला जळक्या ट्रान्सफॉर्मरची वेटोळी नव्यानं भरणाऱ्या हाताला ती कळणारच. क्षणभर वाटलं, हात काढून घ्यावा आणि गप बसावं.

मग त्यांनी दिवा वीतभर उचलला. तो विझला. खाली ठेवला, लागला. दिवा बाजूला ठेवून त्यांनी पाट उलटा केला. खाली लोखंडी पट्ट्यांवर तारेचं वेटोळं होतं. वायर सतरंजीखालनं चौरंगाकडं गेली होती.

"ह्यो ट्रान्सफॉर्मर हाय," आकाराम म्हणाले. "ह्या वेटोळ्यात करंट सारखा उलटसुलट फिरतो, तसं चुंबकत्व बदलतंय. दिव्याच्या बुडात दुसरं वेटोळं असणार. त्यात न शिवता करंट उठतो. वेढे जास्त घातले की व्होल्टेज चढतं, कमी घातले की उतरतं. गावच्या डीपीत बी हेच हाय. बटण म्हाराजांच्या पायाखाली बघा."

महाराज मागच्या दारानं कधी गेले, कळलंच नाही.

"म्हंजे ती कधी आलीच न्हाय?" चिमणाबाईंनी विचारलं.

"न्हाय."

"मग मी एवढं बोलले, ते ऐकलं कुणी?"

"मी ऐकत हुतो की," आकाराम म्हणाले.

बाहेर त्यांच्या शेजारचे महावीरअण्णा म्हणाले, "चार दिवस सुखात हुती बाई. कशाला उघडं पाडलंस?"

"तिचा पाय काळा पडाय लागलाय, अण्णा. लेक गेली, आता हिलाबी जाऊ देऊ व्हय? मलाबी वाटत हुतं, तेजू यावी. पर वाटलं म्हणून खरं हुत न्हाय. दिवा लागला तर हात जोडायच्या आधी करंट कुठनं येतोय बघा. आन् औषध सोड म्हणणाऱ्याच्या दारात आपलं माणूस नेऊ नका."

त्यांनी चिमणाबाईंना रिक्षात बसवलं आणि दवाखान्याकडं घ्यायला सांगितलं.