पिवळी चौकट

“बॅटरी! आधी बॅटरी लिहा,” व्हिडिओवाला बसल्या जागेवरून ओरडला. “नवरी स्टेजवर यायला आणि तुमच्या कॅमेऱ्याने मान टाकायला एकच गाठ पडते.”

कंपनीच्या माणसाने हसत हसत लिहून घेतलं. कॅमेऱ्याच्या दुकानात त्या सकाळी स्टुलांवर, खोक्यांवर, जागा मिळेल तिथे गावातले पंधरा-वीस फोटोग्राफर दाटीवाटीने बसले होते. पुढच्या वर्षी कंपनीचा नवा मिररलेस कॅमेरा येणार होता आणि त्यात काय काय असावं ते कामाच्या माणसांनाच विचारा, असा वरून हुकूम होता. चहा-बिस्किटं कंपनीची, त्यामुळे मागण्यांना तोटा नव्हता. कुणाला वजन कमी हवं होतं, कारण मानेला कायमचा पट्टा लागला होता. कुणाला लेन्स बदलताना आत धूळ जाऊ नये म्हणून आपोआप मिटणारा पडदा हवा होता.

“बटण दाबायच्या आधीचा एक सेकंद कॅमेऱ्याने आपणहून साठवायला हवा,” पक्ष्यांचे फोटो काढणारा म्हणाला. “पाखरू काही आपल्याला विचारून उडत नाही.”

कोपऱ्यात बसलेल्या हलूनकांना वाटलं, मागचं साठवायचंच, तर एका सेकंदावर का थांबायचं?

“आणि काका, तुम्हाला काय हवं?” कंपनीच्या माणसाने त्यांच्याकडे पेन रोखलं.

हलूनका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं प्रत्येक फोटोआधी ते एकाच सुरात “हलू नका” म्हणत आले, आणि लोकांनी ते दोन शब्द जोडून त्यांच्याच गळ्यात बांधले. पाळण्यातल्या बाळाला ते “हलू नका” म्हणत. स्वतःच्या मुलीला कॅमेऱ्यापुढे उभी केली, तरी “नका”च. “नको” म्हणायचे ते फक्त बायकोला.

“चेहरे बाहेर काढता यायला हवेत,” ते म्हणाले.

“कसले चेहरे?”

“गर्दीत अमुक एक चेहरा आधी धर, म्हणून आपण तो कॅमेऱ्यात नोंदवून ठेवतो ना? मेनूत तो दिसतो, नखाएवढा. पण तिथून हलत नाही. कार्डावर घेता येत नाही, दुसऱ्या कॅमेऱ्यात नेता येत नाही. तेवढं करा.”

“एवढंच होय! अहो, त्यासाठी कंपनीला कशाला कामाला लावता?” कंपनीचा माणूस मोकळेपणाने हसला. “त्या माणसाला नव्या कॅमेऱ्यापुढे उभं करायचं, बटण दाबायचं. दहा सेकंदांत नोंद!”

बाकी कुणी हसलं नाही. व्हिडिओवाला रिकाम्या कपात बघत बसला. दुकान चालवणाऱ्या ताईंनी उगाचच बिस्किटांची बशी पुढे केली.

“बरोबर आहे तुमचं,” हलूनका म्हणाले. “पण लिहून ठेवा.”

हलूनकांच्या कॅमेऱ्यात जो एक चेहरा होता, तो नोंदवला गेला तोही गमतीगमतीत. आठ वर्षांपूर्वी पहिला मिररलेस घरी आला, तेव्हा खोक्यातलं पुस्तक वाचत वाचत हलूनका एकेक बटण दाबून बघत होते. चेहरा नोंदवा, असं एक पान आलं. आता चेहरा कुणाचा आणायचा? बायको खिडकीशी कपडे घड्या करत होती.

“मिररलेस म्हणजे काय हो?” तिने विचारलं.

“आत आरसा नसतो.”

“आरसाच नाही? मग मी त्यात काय बघू?” असं म्हणून ती खळखळून हसली, आणि हलूनका “हलू नको, हलू नको” करेपर्यंत कॅमेऱ्याने तिला हसताना धरलं. एक नंबरचा चेहरा म्हणून ती आत जाऊन बसली.

तिथून पुढे डोक्याला ताप झाला. लग्नाच्या हॉलमध्ये तीच तर त्यांची मदतनीस. उजेड फेकायची चंदेरी तबकडी धरून ती स्टेजच्या कडेला उभी राहायची. जरा पुढे सरकली की नोंदवलेल्या चेहऱ्यावर उमटणारी कॅमेऱ्यातली पिवळी चौकट नवरीला सोडून टुणकन तिच्यावर जाऊन बसायची.

“बाजूला हो! याला तूच दिसतेस!”

“दिसू दे. नवऱ्याला नाही, निदान कॅमेऱ्याला तरी दिसते.”

मग त्या फोटोत नवरी धूसर, आणि कडेला ही बाई मात्र लख्ख. कपाळावर आलेली बट, घामाचा थेंब, सगळं मोजून घ्यावं असं. हलूनका तिथल्या तिथे तो फोटो पुसून टाकत. ती खांद्यावरून डोकावून म्हणे, “राहू द्या की एखादा.”

“खराब फोटोचं काय लोणचं घालायचंय?”

आपण खराब फोटो घरी नेत नाही याचा त्यांना भारी अभिमान होता. खरं तर नोंद काढून टाकणं दोन बटणांचं काम. उद्या काढतो, उद्या काढतो असं ते दर लग्नात म्हणत आणि काढत नसत. त्याला आळस म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. त्यांनी स्वतः त्याला कधीच काही म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती चार दिवसांत गेली. मुलगी आली. रडून झाल्यावर तिने आईचा फोटो मागितला. बापलेकींनी कपाटातल्या सगळ्या डिस्क लावून बघितल्या. शेकडो नवऱ्या निघाल्या, त्यांच्या आत्या, माम्या, शेजारणी निघाल्या, आणि हिचा एक धड फोटो निघाला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो फोटोग्राफरच्याच घरात इतका मिट्ट असावा! एका फोटोत तिची बांगडी होती, एकात अर्धं कोपर. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. त्यात ती कुणीतरी आता रागावणार आहे अशी बसली होती. त्या फोटोकडे हलूनका बघत नसत. रोज सकाळी कॅमेरा चालू करून, मेनूत शिरून, ते तिचं ते नखाएवढं हसणं बघून घेत आणि मग कामाला लागत.

गेला महिनाभर कॅमेरा मध्येच बंद पडू लागला होता. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला. “बोर्ड गेलाय काका. नवा टाकतो, नव्यासारखा पळेल.”

“आतले चेहरे?”

“पाटी कोरी होणार.”

त्यांनी तो तसाच परत आणला. मुलीने फोनने त्या पडद्याचा फोटो काढून पाहिला, तर नुसत्या रेघा आणि चौकोन आले. “फार बारीक आहे हो बाबा,” ती म्हणाली आणि फोन बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून हलूनकांनी मनाशी धरलं होतं की कंपनीकडे काहीतरी वाट असेलच.

बैठक मोडली तेव्हा कंपनीचा माणूस त्यांच्याजवळ आला. मघाशी कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं. “काका, मला माहीत नव्हतं. तुमची मागणी सगळ्यात वर घातलीय.”

“वर नको हो. तिथे आधी बॅटरीच असू द्या.”

ताईंनी दुकानात दाखवायला ठेवलेला मिररलेस त्यांच्या हातात दिला. “दोन दिवस घेऊन जा. अशी लेन्स लावलीय की मुंगीचा डोळासुद्धा दिसेल. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन काढून बघा. वहिनी येतील नीट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हलूनकांनी कुठल्याही लग्नाला केली नसेल एवढी तयारी केली. खिडकीखाली टेबल ओढलं, त्यावर काळं कापड घातलं. जुना कॅमेरा पुस्तकांच्या आधाराने सरळ उभा केला. त्यासमोर तिवईवर नवा. काचेवर रेघ दिसू नये म्हणून चष्म्याच्या फडक्याने पडदा तीनदा पुसला. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावला. मग जुना कॅमेरा चालू केला, मेनूत शिरले, आणि ती आली.

नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती तळहाताएवढी दिसत होती. बारीक ठिपके दिसत होते खरे, पण डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही दिसत होत्या आणि वरच्या ओठाजवळचा तीळही. तो तीळ आपण विसरून गेलो होतो, हे हलूनकांना तेव्हा कळलं. नव्या कॅमेऱ्याने तिच्यावर चौकट धरली. पांढरी. त्याच्या लेखी ती कुणीही होती.

त्यांनी टायमर सुरू केला आणि सवयीने तोंड उघडलं.

“हलू नको,” ते म्हणाले.

टिक, टिक, टिक. ते तिवईशेजारी वाकून उभे होते. सातवी टिक झाली आणि जुना कॅमेरा विझला. पडदा काळा झाला, तरी ते “हलू नको, हलू नको” म्हणतच होते. पांढरी चौकट क्षणभर हरवली, इकडेतिकडे फिरली, आणि त्या काळ्या काचेत जो एक चेहरा उरला होता त्यावर जाऊन बसली. खटका पडला.

त्यानंतर त्यांनी करायचं ते सगळं केलं. बॅटरी काढून पुन्हा घातली. दुसरी घातली. फुंकर मारली. कॅमेरा दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली, जशी तिच्या पायांना शेवटच्या दिवशी दिली होती. दुपारपर्यंत ते बटण दाबत राहिले. त्या काचेतून पुन्हा उजेड आला नाही. मग मात्र टेबलाच्या कडेला डोकं टेकवून ते रडले, आणि रडण्यात त्यांनी हातचं काही राखलं नाही.

उन्हं टेबलावरून खाली उतरली तेव्हा नवा कॅमेरा परत न्यायचा म्हणून त्यांनी तो तिवईवरून काढला. आत एकच फोटो होता. काळी काच, आणि तिच्यात उघड्या तोंडाचा, बायकोला काहीतरी सांगत असलेला एक म्हातारा. त्याचं लक्ष लेन्सकडे नव्हतंच. चेहरा कलंडलेला होता आणि कडेला खिडकीचा उजेड फुटला होता.

त्यांचा अंगठा आपोआप कचरापेटीच्या बटणावर गेला. कॅमेऱ्याने विचारलं, हा फोटो काढून टाकायचा आहे का?

हलूनकांनी अंगठा उचलला.

“राहू दे,” ते म्हणाले, आणि कार्ड काढून त्यांनी ते खिशात ठेवलं.