बाबांच्या शेजारची जागा

बाबांनी आयुष्यभर पिकअपमधून काचा पोहोचवल्या. खिडक्यांच्या, आरशांच्या, दुकानांच्या दर्शनी काचा. एकीमागून एक अशा तीन पिकअप झाल्या आणि तिन्हींत बाबांच्या शेजारची जागा धाकटीची. थोरली घरी असायची. आईला दमा, जवळ कुणीतरी हवंच. आणि ते ‘कुणीतरी’ कोण, हा प्रश्न त्या घरात कधी कुणाला पडलाच नाही.

आता थोरलीचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं, केस पिकायला लागले होते, आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तरी धाकटीने पिकअपचा विषय काढला की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचंच.

त्या रविवारी तर विषय निघणारच होता. शेवटची पिकअप विकली गेली होती, दुसऱ्या दिवशी नवा मालक ती न्यायला येणार होता. म्हणून बाबांकडे सगळे जेवायला जमले होते.

“निळीला पायाशी हे एवढं भोक होतं,” धाकटी हातवारे करत सांगत होती. “खाली रस्ता पळताना दिसायचा. एकदा माझी चप्पलच पडली त्यातून! बाबा बिचारे गाडी वळवून शोधायला मागे आले. आणि पांढरी? चढ आला की रुसायची. मग मी उतरून चाकाखाली दगड लावायचा.”

जावई हसले, मुलं हसली. थोरली वाढत होती, तिलाही हसावं लागलं. आमटीचा डाव हातात तसाच धरून ती एकदम बोलून गेली, “आणि बाबा, आपण दोघं निळीतून धरणावर गेलो होतो, ते आठवतं?”

असं काही झालंच नव्हतं. शुद्ध थाप. बाबांचा घास हातातच राहिला.

“आठवतं तर,” ते म्हणाले. “तुला गाडी लागली होती. सगळी वाट लिंबू चोखत बसली होतीस.”

धाकटीचा चेहरा उतरला. “मला कधी बोलला नाहीत, बाबा.”

थोरलीच्या जिवाला गार वाटलं. पण ते सुख हात धुवेपर्यंतच टिकलं. बाबा अंगणात पिकअपची काच पुसत होते, तिथे तिने त्यांना गाठलं.

“आपण धरणावर कधीच गेलो नव्हतो.”

“माहीत आहे मला.”

“मग हो का म्हणालात?”

“तू आजवर कधी काही मागितलं नव्हतंस. आज मागितलंस, म्हणून दिलं.”

“मागितलं नव्हतं म्हणे!” थोरलीचा आवाज चढला. “तुम्ही हॉर्न वाजवला की ती धावत सुटायची आणि मी आईला वाफ देत बसलेली असायचे. एकदा तरी विचारलंत, तू येतेस का म्हणून?”

“नाही विचारलं.” बाबांनी फडकं पिळलं. “तू घरी आहेस म्हटल्यावर मी निर्धास्त असायचो.”

हे कौतुक झालं की आणखी काही, तिला कळेना. “चला,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. धरणावर.”

“अगं, सगळे आत बसलेत...”

“बसू देत.”

बाबांनी किल्ली लावली. ती शेजारी चढून बसली आणि पहिली नजर गेली ती समोर चिकटवलेल्या मांजरांवर आणि चांदण्यांवर. धाकटीने शाळेत असताना लावलेली स्टिकरं. थोरली नखाने एक खरवडायला लागली.

“निघत नाहीत ती,” रस्त्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले. “मी घासून घासून दमलो.”

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी. “कुठे गेलात गं दोघं? मला का नाही नेलं?”

“जागा नव्हती,” थोरली म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

धरणाचं फाटक बंद होतं. गजांमधून पाण्याची एक पट्टी तेवढी दिसत होती.

“उतरायचं का?” बाबांनी विचारलं.

“नको. इथेच बसू.”