पहिल्या दळणाचे माप

रविनाने पिठाचा तिसरा डबा काट्यावर ठेवला आणि हात मागे घेतला. काटा थरथरला, थांबला. सात. आधीचे दोन डबे दहा-दहाचे.

“सत्तावीस!” उमाकांत सरांचा आवाज चढला. “डिझेलवर सव्वीस, करंजाच्या तेलावर सत्तावीस किलो!”

गिरणीच्या दारात बायकांनी एकच गलका केला. धानोऱ्याच्या वरच्या पाड्यावरच्या या बायकांनी उन्हाळाभर करंजाच्या बिया वेचल्या होत्या. सरांच्या कृषी महाविद्यालयाने त्यांचे तेल काढून, इंजिनला चालेल असे पातळ करून आज कॅनमधून आणले होते. आधी अर्धा लिटर डिझेल, मग अर्धा लिटर हे तेल. इंजिन तेच, जाते तेच, ज्वारी एकाच पोत्यातली. डिझेल दहा किलो दळते तिथे करंजाने निदान नऊ किलो दळले, तर तेलाचा घाणा या पाड्यावर बसणार होता. गिरणी चालवते तशी रविना घाणाही चालवणार होती. मग दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायला नको. पाठीवरच्या झोळीत झोपलेली नऊ महिन्यांची मयूरी उसाच्या फडात, पाचटावर चालायला शिकणार नव्हती.

“आणि हे बघा.” धुराड्याच्या तोंडाशी बांधलेली दोन फडकी सरांनी शेजारी शेजारी धरली. डिझेलचे तव्याच्या बुडासारखे काळे. करंजाचे नुसतेच राखाडी. “काजळी निम्मीसुद्धा नाही. शिवाय करंजाने जो कार्बन सोडला, तो झाडाने हवेतूनच घेतला होता. डिझेलचा मात्र जमिनीखालून येतो, हवेत भर घालतो.”

“आपला करंजना धूर बी गरीब शे, व माय!” रविनाची सासू नानीबाई म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

रविनाने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तळव्यांचे पीठ उडून तिच्या पापण्यांवर बसले. हसत हसतच तिने डिझेलच्या डब्यातले पीठ चिमटीत घेतले. बोटांत चोळले. परत चोळले.

पीठ भरड होते. रव्यासारखे.

रोज सकाळी गिरणी उघडली की ती आधी घरची ज्वारी टाकायची. थंड इंजिन, थंड जाते. पहिले दळण डिझेल जास्त खाते आणि भरड निघते. ते दुसऱ्याच्या डब्यात कसे घालायचे? आज सरांच्या गडबडीत घरचे दळण राहून गेले होते.

“सर, हे माप खरं नाही.”

“का?”

तिने सांगितले. सांगता सांगता दारातला गलका ओसरला. नानीबाई पुढे आली.

“आपलंच तेल जिकनं ना? मंग आते कसाले बोली ऱ्हायनी तू?”

“माय, पहिलं दयन आपन कोनले देतस का?”

नानीबाई पदराने डब्यावरचे पीठ झटकत राहिली.

सर वहीत आकडे मांडत होते. “करंज सत्तावीस. म्हणजे पुन्हा मोजताना डिझेल तीसच्या वर जाता कामा नये.”

रविनाच्या नवऱ्याने, योगेंद्रने, मोजून अर्धा लिटर डिझेल भरले, हँडल मारले. इंजिन लगेच पेटले. सकाळचे कुरकुरणे नाही, खोकणे नाही. जात्यावरच्या पेटीची पट्टी रविनाने खडूच्या खुणेवर आणली. पट्टी बोटभर ढकलली असती तर ज्वारी हळू पडली असती, डिझेलचे माप घटले असते आणि कुणाला कळलेही नसते. तिने तो हात काढला आणि झोळीतून बाहेर आलेले मयूरीचे पाऊल धरून ठेवले.

पहिला डबा भरला. दुसरा भरला. तिसरा भरत आला तेव्हा दारातल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

“बंद पड ना रे,” योगेंद्र इंजिनला दबक्या आवाजात म्हणाला.

तिसरा डबा काठोकाठ भरला. इंजिन चालूच. योगेंद्रने चौथा डबा खाली सरकवला. मग कुठे इंजिन अडखळले, दोन उचक्या दिल्या आणि थांबले.

“साडेतीस,” सर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावले.

रविनाने जात्याच्या झाकणावर तळवा टेकला आणि चटका बसल्यासारखा काढला. तिचे डोळे चमकले.

“सर, करंजाच्या वेळी जातं कोमट होतं. हात लावून बघा आता! डिझेलला तापलेलं जातं मिळालं, तर करंजाला पण मिळायला पाहिजे.”

सरांनी झाकणाजवळ बोट नेले. तिच्याकडे पाहिले. पेनाचे टोपण काढले आणि नव्या ओळीवर चौथ्या मापाचा चार हा आकडा घातला.

“आते कशी बोलनी मन्ही माय!” नानीबाईने ज्वारीचे पोते स्वतःच ओढत आणले. बायका पुन्हा आत घुसल्या. कुणी डबे रिकामे करायला घेतले, कुणी धुराड्यासाठी नवे फडके फाडले.

“लवकर व, जातं थंडं व्हई जाई!” योगेंद्रने तेलाचा कॅन उचलला.

“थांबा.”

रविना इंजिनपाशी बसली. फिल्टरखालचा स्क्रू तिने सैल केला. आत अजून पळीभर डिझेल होते; ते करंजाच्या मापात धरले गेले असते. ते तिने वाटीत सोडले. धार संपली, थेंब सुरू झाले. योगेंद्र कॅन तिरपा धरून उभा, मागून सगळ्यांची घाई. शेवटचा थेंब नळीच्या टोकाशी लोंबत राहिला.

तो पडेपर्यंत ती थांबली.