मशेरी आणि हिरवी खूण

माझी लेक ऋचा दातांची डॉक्टर. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून चंदीगडला आलो, तेव्हा ती पाळण्यात होती. आता मलाच दात घासायला शिकवते.

गेल्या महिन्यात चंदीगडच्या मनीमाजरा भागातल्या आमच्या घरी येऊन तिने माझ्या तोंडाचे फोटो काढले. फोटोवरून हिरड्यांचा आजार ओळखणारं फोनवरचं यंत्र तिच्यासोबतची डॉक्टर मंडळी तयार करत होती. त्याआधी प्रश्न होते. तंबाखू? मी नाही म्हटलं.

"आई, पक्का ना?"

"पक्का."

ती डेंटलला लागली तेव्हाच मशेरी सोडल्याचं मी तिला सांगितलं होतं. खरं तर रोज आंघोळीआधी मला बोटभर लागतेच. तंबाखू खातात ते पुरुष, आम्ही नुसते दात घासतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. फोनवर हिरवी खूण उमटली, हिरड्या निरोगी. यंत्रालाही गंडवलं म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

आठवड्याने मक्याची रोटी चावताना खालचा दात हलला. मी दुसऱ्या बाजूने चावायला लागले.

रविवारी जेवताना ऋचा वडिलांना सांगत होती, की लोकांचे फोटो आणि उत्तरं बघूनच हे यंत्र शिकतं, आईचेही त्यात घातलेत. पुढच्या महिन्यात ते साताऱ्याकडच्या गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या, आशाताईंच्या, फोनवर जाणार होतं. तिथे माझी धाकटी बहीण सुशीला राहते. तिला मशेरी लावायला मीच शिकवलं.

मी उठले, न्हाणीघरातली डबी आणली आणि ताटाशेजारी ठेवली. "तुझ्या यंत्राला मी खोटं शिकवलंय."

ऋचा रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने बारीक सळई हिरडीत घातली, ती खोलवर गेली. तंबाखूमुळे रक्त येणं दबतं, म्हणून हिरडी वरून धडधाकट दिसते आणि आत हाड झिजत राहतं, असं तिने समजावलं. खालचे दोन दात काढावे लागणार होते. माझं उत्तर तिने तिथेच बदललं. सुशीलाही लावते हे मी सांगितल्यावर, मावशीला मी सांगू का, म्हणून तिने विचारलं.

नको म्हटलं. मीच फोन लावला आणि मशेरी सोड म्हणून सांगितलं.

सुशीला हसली. "ताई, तू अजून लावतेस ना? मग मला काय होतंय?"

"माझे दोन दात चाललेत, सुशे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.