चालणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

शाळेच्या बसमधून उतरून सुलेखा घरात आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "आजी, जो माणूस आपल्याला कधीच भेटणार नाही, त्याची मुलाखत कशी घ्यायची?"

सुलेखा माझी सख्खी नात नव्हे. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात आमच्या समोरच्या घरात तिचे आईवडील, नंदा आणि उल्हास, राहत. दोघंही नोकरीला जात, म्हणून शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत ती माझ्याकडे असे. मी सांगलीच्या प्राथमिक शाळेत उभा जन्म शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गिरीशकडे, माझ्या मुलाकडे, मिशिगनला आले. शिकवायची खोड काही विमानतळावर काढून घेत नाहीत. त्यामुळे आमची जोडी जमली.

नंदा-उल्हासचं बस्तान बसेपर्यंत पोर अमरावतीला आजोळी वाढली होती. इथे येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. इंग्रजी तिला येत नव्हतं असं नाही; वाचायची तर भराभरा. पण आल्या आल्या शाळेत स्पेलिंगची स्पर्धा झाली. तिच्या वाट्याला 'पझल' हा शब्द आला आणि तिनं खणखणीत आवाजात 'पी यू झेड झेड' म्हटलं. इथे त्या अक्षराला 'झी' म्हणतात. एक झेड असता तर निभावलं असतं, पण दोन आल्यावर वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून सुलेखानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलाही नुसता हात वर.

तिच्या बाई, मिसेस कोवाल्स्की, वाईट नव्हत्या. त्यांनी नंदाला बोलावून सरळ सांगितलं होतं की लेखी कामात मुलगी छान आहे, पण उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी एकदा तरी ती वर्गासमोर बोलली नाही, तर तिला याच इयत्तेत आणखी एक वर्ष ठेवावं लागेल. नंदा घरी येऊन रडली. उल्हास म्हणाला, "हुशार पोरीला नापास? कशात, तर गप्प बसण्यात!"

आणि आता हे मुलाखतीचं आलं. आदल्या ऑक्टोबरात, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, डेट्रॉइटच्या टायगर्स या बेसबॉल टीमनं वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली होती आणि वसंत आला तरी गावाचा कैफ उतरला नव्हता. मिसेस कोवाल्स्कींनी सांगितलं होतं, बेसबॉलच्या इतिहासातला एक खेळाडू निवडा. तो तुमच्या समोर बसलाय असं समजा. त्यालाच का निवडलं आणि त्याला काय विचाराल, ते शुक्रवारी वर्गासमोर उभं राहून सांगा.

"कुणाला घेणार मग?" मी विचारलं.

"बेब रूथ नको. तो अर्ध्या वर्गानं घेतलाय." तिनं लायब्ररीचं जाडजूड पुस्तक उघडलं. "हा बघा. एडी योस्ट. आपल्या टायगर्सकडूनसुद्धा खेळलाय. याला 'द वॉकिंग मॅन' म्हणायचे. आजी, बाकीचे सगळे पळतात आणि हा चालतो!"

"का चालतो?"

"ते नाही लिहिलेलं. नुसते आकडे आहेत."

बेसबॉल मला काडीचाही कळत नव्हता. तेवढ्यात उल्हास तिला न्यायला आला. मोटारींच्या कंपनीतला इंजिनियर, पण कॉलेजच्या क्रिकेट टीमचा ओपनर, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. त्यानं उभ्या उभ्या पुस्तकात डोकं घातलं.

"वॉक? अरे वा! काकू, हा माणूस वॉक करायचा!"

"म्हणजे नेमकं काय करायचा?"

"बॉल बॅटला निसटता लागतो, मागे झेल जातो. पंचाला कळत नाही, तो काही आऊट देत नाही. पण आपल्याला तर माहीत असतं ना? मग खरा खेळाडू काय करतो? बॅट काखेत मारतो आणि चालायला लागतो. त्याला वॉक करणं म्हणतात." छत्री काखेत मारून, मान ताठ ठेवून तो हॉलभर संथपणे चालला आणि हातातले नसलेले ग्लोव्ह्जही काढून दाखवले. मग त्यानं पुन्हा आकडे पाहिले आणि त्याचा आवाजच बदलला. "एका मोसमात सव्वाशेहून जास्त वेळा! आमच्याकडे जन्मात एकदा वॉक केला तरी लोक नाव काढतात."

मला एक शंका आली. "उल्हास, इतक्यांदा बाद होणाऱ्याला त्यांनी टीममध्ये ठेवला कसा?"

"काकू, हा अमेरिका देश आहे. इथे प्रामाणिकपणाला किंमत आहे."

सुलेखाचे डोळे चमकले. माणूस ठरला.

पुढचे दिवस आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून प्रश्न करत होतो. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तिचा पहिला प्रश्न होता, तुला बेसबॉल आवडतो का?

"यावर तो काय म्हणेल?"

"हो म्हणेल."

"मग? संपली मुलाखत. तो टोपी घालून घरी जाईल. असं विचार, की त्याला उत्तर देण्याआधी जरा छताकडे बघावं लागेल."

ती स्वतःच छताकडे बघत बसली. मग लिहिलं, 'पंचानं आऊट दिलं नाही तरी तू का गेलास?'

"छान. पण तो वयानं केवढा आहे? 'तू' काय?"

"आजी, इंग्रजीत एकच 'यू' आहे."

"असू दे. मनात 'अहो' ठेव, म्हणजे आवाजात येतं."

तिनं 'तू' खोडून 'तुम्ही' केलं, आणि मग प्रश्न सुचतच गेले. टीममधले मित्र रागावायचे का? रात्री झोप यायची का? मी मनात म्हटलं, ही पोर बोलणार. कपाटासमोर उभं करून मी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतले. कपाटासमोर ती सुरेख बोलायची.

शुक्रवारी सकाळी बस तिला घेऊन गेली. खिडकीतून तिनं मला हात केला. हसली नाही, पण हात केला.

आत माझी खरीखुरी नात सीमा टोस्ट खात होती. सतरा वर्षांची, हायस्कूलच्या सॉफ्टबॉल टीममध्ये. रोज प्रॅक्टिस करून अंधार पडल्यावर घरी यायची, त्यामुळे आठवडाभर आमची नीट गाठही पडली नव्हती.

"आज आपल्या सुलेखाची मुलाखत," मी म्हटलं. "एडी योस्टची."

"हू?"

"अगं तो, वॉक करणारा. पंचानं आऊट दिलं नाही तरी आपणहून जाणारा."

सीमाचा टोस्ट तोंडापाशीच थांबला. "जाणारा? कुठे?"

"कुठे म्हणजे? परत. तंबूत."

"आजी, नो! वॉक म्हणजे परत नाही जायचं. पुढे जायचं. फर्स्ट बेसला, पहिल्या टप्प्यावर. पिचरनं, म्हणजे त्यांच्या बॉलरनं, चार बॉल खराब टाकले की तो बेस फ्री मिळतो."

"फ्री म्हणजे फुकट?"

"टोटली फुकट!"

"आणि मग त्याचा प्रामाणिकपणा?"

"कसला प्रामाणिकपणा? तो नुसता उभा राहतो, आजी. बॅट फिरवत नाही, दॅट्स ऑल." तिला हसू आवरेना. "कुणी सांगितलं तुम्हाला हे? उल्हासकाका? ओह माय गॉड. क्रिकेट!"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. बेसबॉलवर वाढलेली ती सगळी पोरं, आणि त्यांच्यासमोर ही उभी राहून विचारणार, 'आऊट दिलं नसताना तुम्ही का गेलात?' दोन झेडना जो वर्ग लोळला, तो आता काय करील? आणि ही पोर पुन्हा कधी तोंड उघडील?

"सीमा, गाडी काढ."

"आजी, मला फर्स्ट अवरला टेस्ट..."

"काढ म्हणते ना!"

रस्त्यात सीमानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग हसणं बंद केलं. शाळेत ऑफिसमधल्या बाईंनी मुलीशी नातं काय म्हणून विचारलं. "ग्रँडमदर," मी ठासून सांगितलं. सीमानं नुसत्या भुवया उडवल्या.

कॉरिडॉरच्या टोकाला तिचा वर्ग. आम्ही अर्ध्या वाटेवर होतो आणि आतून हसण्याचा स्फोट झाला. सगळा वर्ग हसत होता. बाकं वाजत होती. माझे पाय तिथेच थांबले. "उशीर झाला गं," मी म्हटलं.

सीमानं माझा हात धरला आणि मला पुढे नेलं. दाराच्या काचेतून मी पाहिलं.

सुलेखा फळ्यापाशी होती. फळ्यावर तीन स्टंप काढलेले. काखेत लाकडी फूटपट्टी धरून, मान ताठ ठेवून, ती संथपणे वर्गातून दाराकडे चालत येत होती, अगदी उल्हासनं आमच्या हॉलमध्ये करून दाखवलं होतं तशी. दाराशी येऊन तिनं हातातले नसलेले ग्लोव्ह्ज काढले. पोरं पुन्हा खदखदली, आणि तीही हसत होती. मग तिला काचेपलीकडे मी दिसले.

"माय आजी!" तिनं वर्गाला ओरडून सांगितलं आणि दार उघडलं.

मिसेस कोवाल्स्कींनी आम्हाला मागच्या खुर्च्या दिल्या आणि हळूच सांगितलं काय झालं ते. पहिला प्रश्न वाचताच मागच्या रांगेतला एक मुलगा ओरडला होता, "पण तो आऊट नव्हताच!" दोघंचौघं हसले. सुलेखा कागद धरून उभीच राहिली. बाई मध्ये पडणार, तेवढ्यात तिनं त्या मुलालाच विचारलं, "मग वॉक म्हणजे काय?" त्यावर सगळा वर्ग एकदम सांगायला लागला, आणि प्रत्येकाचं सांगणं वेगळं. ते आपसातच भांडायला लागले. शेवटी सुलेखा म्हणाली, "आमच्याकडचा वॉक वेगळा असतो. दाखवू?"

आता एक झिपऱ्या केसांची मुलगी हात वर करून उभी होती. "पण अंपायरनं आऊट दिलंच नाही, तर तू का जायचं?"

हा तर आमचाच प्रश्न होता! टेबलाशी बसून, 'तू'चं 'तुम्ही' करून केलेला. सुलेखानं छताकडे पाहिलं.

"कारण," ती इंग्रजीत म्हणाली, "बॉल लागलेला मला ऐकू आला होता."

मागच्या रांगेतला तो मुलगा म्हणाला, "मी नसतो गेलो." आणि त्यावरून पुन्हा जुंपली. अर्धे जाणारे, अर्धे न जाणारे.

"सुलेखा," मिसेस कोवाल्स्कींनी आवाज चढवून विचारलं, "आता खरा वॉक तुला कळला. मग मिस्टर योस्टना तू काय विचारशील?"

तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यातलं आता काही उपयोगाचं नव्हतं. तिनं तो घडी करून टेबलावर ठेवला. हे आम्ही कपाटासमोर केलेलं नव्हतं.

"मिस्टर योस्ट," ती म्हणाली, आणि त्या आवाजात खरंच 'अहो' होतं, "सगळे लोक मार, मार म्हणून ओरडत असताना तुम्ही नुसते उभे राहायचात. तेव्हा भीती वाटायची का? आणि कुठला बॉल सोडायचा आणि कुठला मारायचा, हे कसं कळायचं?"

"गुड वन!" माझ्या शेजारी बसलेली सीमा पुटपुटली. "मला कोचनं अजून नाही शिकवलं ते."

घंटा झाली तरी पोरं तिच्याभोवतीच होती. एकाला फूटपट्टी काखेत घेऊन चालून बघायचं होतं. मिसेस कोवाल्स्की माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही मुलगी बोलत नाही असं मीच तिच्या आईला सांगितलं होतं. सप्टेंबरात ती पुढच्या वर्गात जाईल. तिथल्या बाईंना मी सांगून ठेवते, कान तयार ठेवा म्हणून."

ते मला सीमाकडून पुन्हा एकदा मराठीत सांगून घ्यावं लागलं. इंग्रजी कळलं होतं, पण दोनदा ऐकावंसं वाटलं.

संध्याकाळी नंदा आणि उल्हास दोघंही कामावरून थेट माझ्याकडेच आले. नंदा दारातच थांबली, सुलेखाचा चेहरा वाचत. ती काही विचारणार त्याआधीच पोरगी बोलायला लागली. शाळा, फळा, तो मुलगा, फूटपट्टी, सगळं एका दमात.

"आणि बाबा, तो आऊट नव्हताच! त्याला फुकट मिळायचं!"

उल्हास माझ्याकडे, मग सीमाकडे बघायला लागला. सीमानं त्याला दोन वाक्यांत वॉक समजावून सांगितला. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे इतके दिवस मी..." तो कसाबसा म्हणाला. "पण गोष्ट चांगली होती की नाही?"

"गोष्ट चांगली होती, बाबा," सुलेखा त्याला समजावत म्हणाली. "फक्त माणूस चुकीचा होता."

"काका, नेक्स्ट टाइम मला विचारा," सीमा म्हणाली. "मी महाग नाहीये."

"आणि शाळेचं?" नंदानं अगदी हळू आवाजात मला विचारलं.

"पुढच्या वर्गात," मी म्हटलं. "बाईंनी स्वतः सांगितलं."

नंदानं पर्स खाली ठेवली, कोट काढला आणि खुर्चीत टेकली. सुलेखाचं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं, या वेळी हातवाऱ्यांसकट.

"काकू," नंदा म्हणाली, "चहा टाका थोडा. मी आज सगळं ऐकूनच जाणार."