ऐकू आलं तेव्हा

मावशींना बोलायला माणूस लागायचं, आणि ते ओळखीचंच असावं असा त्यांचा मुळीच हट्ट नव्हता. औषधाच्या दुकानात रांगेत पुढे उभं असलेलं कुणीही चालायचं. चप्पल धड असली तरी चप्पल शिवणाऱ्याकडे त्या घटकाभर टेकायच्या. सगळी नोकरी कपडे शिवायच्या कारखान्यात झालेली. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय तिथं लागली आणि त्याच खडखडाटानं हळूहळू कानही गेले. मावशींनी ते कुणाला कळू दिलं नाही. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची, हसायचं, "वा, छान!" म्हणायचं आणि आपलं घोडं पुढं दामटायचं, एवढं त्यांना झकास जमायचं.

नाहीतरी घरी बोलायला होतं कोण? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लांबच्या शहरात.

त्यांचा सगळ्यात जास्त वेळ जायचा बेकरीत. काउंटरवरची बाई चाळिशीची, हाडकुळी, तोंडातून शब्द न काढता काम करणारी. तिच्याकडून पाव घेता घेता मावशी शेजारणीच्या मांजरापासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. "किती शांतपणे ऐकून घेते बिचारी," असं त्या लेकीला कौतुकानं सांगायच्या.

फोनवर आपण विचारतो एक आणि आई सांगते भलतंच, हे लेकीच्या लक्षात आलं तेव्हा ती रजा काढून आली. खनपटीलाच बसली, डॉक्टरकडे घेऊन गेली आणि आईच्या कानात यंत्र बसवून सकाळच्या गाडीनं परत गेली.

त्याच दिवशी मावशी ठेवणीतली साडी नेसून बेकरीत निघाल्या. आज बेकरीवालीचा आवाज ऐकायचा होता. इतक्या दिवसांची ओळख, पण आवाज कसा आहे ते ठाऊक नाही! पायरीवर पाय ठेवला, तोच आतून पावाचे ट्रे आणणारा माणूस म्हणाला, "आला बघ तुझा रेडिओ."

"येऊ दे," बेकरीवाली म्हणाली. "तूच दे आज पाव. माझ्यात नाही त्राण." आणि ती आत निघून गेली. आवाज मऊ होता, मावशींना वाटला होता त्यापेक्षा कितीतरी मऊ.

मावशींनी पाव घेतला, चकार शब्द काढला नाही. घरी येऊन कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात टाकली.

मग त्या मोठ्या दुकानात जाऊ लागल्या. तिथं आपला पाव आपणच उचलून गल्ल्यावर ठेवायचा असतो. गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता विचारायची, "पिशवी हवी?" दिवसभरात मावशींशी कुणी बोललं तर तेवढंच. त्या घरी भिंतींकडे बघत बसायच्या आणि मनातल्या मनात बेकरीवालीशी कडाकडा भांडायच्या.

शेवटी राहवेना. एका दुपारी यंत्र कानात घालून त्या तडक बेकरीत गेल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"का गं, मी रेडिओ?"

बेकरीवालीचा चेहरा पडला. हातातला चिमटा तिनं खाली ठेवला. मग तिचाही बांध फुटला.

"मावशी, तुम्हीच सांगा मी काय म्हणू? माझी आई गेली. कामावर परत आले तर पहिल्या तुम्हीच. विचारलंत, इतके दिवस कुठं होतीस? मी म्हटलं, आई गेली माझी. तुम्ही हसलात आणि म्हणालात, 'वा, छान!' आणि लगेच मांजराचं पुराण सुरू."

मावशी काउंटरसमोरच्या बाकावर बसल्या. केस मागे सारून त्यांनी कान दाखवला. "मला ऐकू येत नव्हतं गं. हे आत्ता बसवलंय."

"मग तसं सांगायचं ना!"

"काय सांगू? बहिरी आहे म्हटलं की माणसं खुणा करतात, दोन शब्दांत कटवतात. बोलत कुणीच नाही."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी काही देणंघेणं नाही. नुसतं मन हलकं करायला येता."

"तेही अगदीच खोटं नाही," मावशी म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "काय झालं होतं आईला?"

"आता काय सांगू मावशी? वर्ष होत आलं. तेव्हा सांगायचं होतं."

एक गिऱ्हाईक आलं, पाव घेऊन गेलं. उठून जावं असं मावशींना वाटत होतं, पण त्या बसून राहिल्या. गप्प बसणं इतकं जड जातं हे त्यांना माहीत नव्हतं.

बेकरीवाली पाठमोरी होऊन फळी पुसू लागली. पुसता पुसताच म्हणाली, "आधी पाय सुजले तिचे. आम्हाला वाटलं, थकवा असेल."

मावशींच्या ओठांवर स्वतःचे गुडघे आलेच होते. त्यांनी ते गिळले. "मग?"

"मग काय..." बेकरीवाली सांगू लागली. आवाज इतका खाली, की यंत्र असूनही मावशींना पुढं झुकावं लागलं. चार-पाच वाक्यं झाली असतील, तेवढ्यात ट्रेवाला आत आला. ती थांबली ती थांबलीच.

मावशी पाव घेऊन घरी गेल्या. अर्धंच ऐकलेलं ते आजारपण त्या संध्याकाळभर मनात घोळवत राहिल्या. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या तेव्हा बेकरीवाली हसली नाही. काउंटर सोडून आतही गेली नाही.

"या," एवढंच म्हणाली.