सरळ म्हणजे कसं

आई सरळ उभी राहिली की पट्टा तिला उजवीकडे ढकलायचा. तीन दिवस मी डोकं खाजवत होतो, पण काय चाललंय तेच कळेना.

हे १९९६ सालचं. मी नगरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. मेंदूच्या दुखण्यानंतर आईचा तोल गेला होता. पाय धड होते, पण आधार सुटला की कोलमडायची. म्हणून तिला माझ्याकडे आणलं, तर तिचं एकच टुमणं, राजूरला आपल्या घरी सोड. मी अट घातली, कुणी न धरता दहा मिनिटं उभी राहा, मग सोडतो. आणि त्यासाठी हा पट्टाही मीच बनवला. कमरेला चामड्याचा पट्टा, मांड्यांना पट्ट्या, दोन्ही बाजूंना जीपच्या वायपरच्या मोटारी. ती एकीकडे कलली की मोटर तिला दुसरीकडे रेटणार. फक्त सरळ म्हणजे कसं, हे पट्ट्याला ती उभी असताना एकदा बटण दाबून शिकवावं लागे.

पहिल्या दिवशी मी वायरी बदलल्या. दुसऱ्या दिवशी पट्टा उलटा बांधून पाहिला. तिसऱ्या दिवशी मोटारी उघडल्या.

"तुमचं यंत्र पिऊन आलंय का हो?" माझी बायको सीमा म्हणाली.

"योगेश, माझंच काय चुकतंय का रं?" आईने विचारलं.

"तू गप उभी राहा!" मी खेकसलो. राग यंत्राचा होता, निघाला तिच्यावर.

मग सीमानेच विचारलं, "पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आई कशा उभ्या होत्या?"

मी तेव्हा आईकडे नाही, पट्ट्याला जोडलेल्या मीटरकडे पाहत होतो.

"आई, त्या दिवशी राहिलीस तशी राहा बरं."

सीमाने तिला धरलं. आईने कंबर डावीकडे काढली, अंग उजवीकडे टाकलं आणि डावा हात कमरेशी वळवला. कडेवर पोर घेतल्यासारखी.

"अगं, ही काय उभं राहायची रीत?"

"त्या दिशी तूच म्हनलास, न्हेमी ऱ्हाती तशी ऱ्हा. मी अशीच ऱ्हाती."

"पण कडेवर आहे कोण?"

"आता कुनी न्हाई. तू हुतास की. आट वर्सं."

पोलिओने माझा पाय गेला तेव्हापासून मी तिच्या डाव्या कडेवरच होतो. शाळेत, बाजारात, रानात. मग पायाला आधाराचा कॅलिपर मिळाला आणि मी उतरलो. त्या दिवशी तीही सरळ झाली, असं मी धरून चाललो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही तिला नीट सरळ उभं केलं, मी पुन्हा बटण दाबलं. सीमाने हात सोडला. मोटर बारीक कुरकुरली, आई हलली, सावरली. दोन मिनिटं. पाच मिनिटं. तिचा चेहरा फुलत चालला होता. मला आनंद व्हायला हवा होता. आठव्या मिनिटाला मात्र राजूर आठवलं आणि वाटू लागलं, आता ही मोटर बंद पडावी.

पडली नाही. घड्याळात अकरा मिनिटं झाली.

"झाली का रं धा मिन्टं?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि उभीच राहिली.